मोट, मूर्ती आणि पाठीची जाकिटं

कातड्याचं काम करणारा माणूस तुकडा टाकत नाही. जाकीट कापून झालं की उरलेलं कातडं बाकाखालच्या पोत्यात जातं. कधी ते वादीच्या टोकाला लागतं, कधी बकलाखाली. किश्शांचंही माझ्याकडं तसंच झालंय. चहाला चार माणसं बसली की एखादा तुकडा हाताला लागतो. सूनबाई म्हणते, "मामंजी, ह्यो परवाच सांगितला की." असेल. परवा जे बसले होते ते आज नाहीत ना, मग आजच्यांनी काय पाप केलंय?

मी मूळचा रहिमतपूरचा. बाप मोटा शिवायचा. मोट म्हणजे विहिरीतनं पाणी ओढायची कातड्याची भलीमोठी पिशवी. बैल ओढत, चाक करकरत असे, आणि पाणी पाटात पडे. मग विजेचे खांब आले, पंप आले, आणि मोटा गोठ्यात टांगून राहिल्या. मी चौथीपर्यंत शिकलेला, हातात आरी आणि दाभण, शिवायला मोट नाही. तेवढ्यात कळलं की सांगलीकडच्या एका धर्मादाय दवाखान्यात कातडं शिवणारा माणूस पाहिजे. बहात्तरचा दुष्काळ सरून एखाद-दोन वर्षं झाली असतील.

दवाखान्याच्या मागं पत्र्याची शेड होती. तिथं लुळ्या पायांना पट्टे आणि कललेल्या पाठींना जाकिटं बनत. पोलिओनं नाहीतर स्नायूंच्या दुसऱ्या एखाद्या आजारानं पाठीतला जोर गेला की कणा आपला आपण उभा राहत नाही. ओल धरलेल्या मातीच्या भिंतीसारखा एका अंगाला झुकत जातो. त्याला बाहेरून आधार द्यायचा. कातड्याचं जाकीट, त्यात पोलादाच्या पट्ट्या, पुढं बकलं. त्यानं आजार बरा होत नाही. माणूस बसू शकतो.

आम्ही तिघं होतो. मी कातड्याला, इस्माईलभाई लोखंडाला, आणि शिवाण्णा प्लास्टरला. वर मोठे डॉक्टर, पुण्याकडचे. बोलणं सावकाश, आवाज कधी चढायचा नाही.

* * *

माझं पहिलं जाकीट. जीव ओतून शिवलं. बापानं शिकवलेला दुहेरी टाका, मेण लावलेला दोरा, शिवणीला आतून पट्टी. इस्माईलभाईंनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "सखाराम, नंबर एक काम!" मी आपला छाती काढून डॉक्टरांकडं घेऊन गेलो.

डॉक्टरांनी जाकीट हातात घेतलं, उजेडाकडं धरलं. मग टेबलावरचा तांब्या उचलून सगळं पाणी त्यात ओतलं आणि जाकीट धरून उभे राहिले. सिस्टर बघतायत, मी बघतोय. खाली थेंब नाही.

"वा," डॉक्टर म्हणाले. "एक थेंब गळला नाही. पण सखाराम, ह्यात पाणी नाही भरायचं. पोरगं भरायचंय."

दुसऱ्या दिवशी बसून मी त्याला भोकं पाडली. वारा जायला पाहिजे ना आत. इस्माईलभाई जाता-येता विचारायचे, "काय सखाराम, मोट चाळणी झाली का?"

* * *

कमळी आली तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. कुंडलची. बापाचं छत्र नव्हतं, घर चुलत्याचं. आई अनसाबाई तिला पाठुंगळीवर घेऊन एसटीतनं आली होती. पोलिओनं लहानपणीच पाय गेले होते आणि पाठही. बसवलं की दोन्ही तळहात दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकायची आणि त्या दोन हातांवर सगळं अंग तोलून बसायची. हात उचलला की कलंडायची. मग हातानं काही करायचं म्हटलं तर कसं करणार? जेवण आई भरवायची. वेणी आई घालायची. पुस्तकाचं पान हनुवटीनं उलटायची.

डॉक्टरांनी तपासून अनसाबाईला समोर बसवून सांगितलं. म्हणाले, वाढीचं वय आहे, पाठ रोज थोडी कलतेय. आज हात टेकून बसते. आणखी कलली की हातही पुरणार नाहीत, मग पडूनच राहावं लागेल, आणि पडून राहिली की श्वासालाही जड जाईल. आता जाकीट बसलं तर पाठ धरून ठेवता येईल.

अनसाबाईनं एकच विचारलं. "हात मोकळं हुतील का तिचं?"

"प्रयत्न करू," डॉक्टर म्हणाले. ते कधी 'होतील' म्हणायचे नाहीत.

शेडमध्ये कातडं भिजवायची एक टाकी होती, त्यामुळं डास भरपूर. कमळी बाकावर हात टेकून बसलेली. एक डास तिच्या डाव्या दंडावर बसला. तिनं मान वळवून फुंकर मारली. तो उडाला, परत बसला. परत फुंकर. मला म्हणाली, "मामा, त्येवढा डास मारा की."

पोरीचा दंड तो. काडीसारखा. मी आपला हळूच हात ठेवला. डास उडून गेला.

कमळी हसली. "तुमाला डास बी मारता येत न्हाई व्हय, मामा?"

* * *

आता शिवाण्णाचं सांगायला पाहिजे. हा जत भागातला कुंभार, गणपती करणारा. मला 'तम्मा' म्हणायचा, म्हणजे त्यांच्याकडं धाकटा भाऊ. गणपती भाद्रपदात, बाकीचं वर्ष काय करणार, म्हणून डॉक्टरांनी त्याला आणला. काम त्याच्या हातचंच होतं. पेशंटच्या अंगावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, सुकल्या की कापून साचा काढायचा, साच्यात प्लास्टर ओतायचं. की झालं त्या माणसाचं धड तयार. मग त्या धडावर मी ओलं कातडं ताणून बसवायचा. फळीवर अशी पांढरी धडं ओळीनं उभी असायची. नवा पेशंट आला की देव समजून आधी त्यांना हात जोडायचा.

प्लास्टर घालताना पाठ जरा ताणून धरावी लागते. त्यासाठी इस्माईलभाईंनी लोखंडी चौकट केली होती आणि वर चाक लावलं होतं. ते चाक माझ्या घरचं, मोटेचं. हनुवटीखाली कापडाची झोळी, तिला दोर, दोर चाकावरनं खाली. दोर ओढला की पाठ लांबते. कमळीला त्यात बसवलं तेव्हा ती म्हणाली, "आये, मला हिरीतनं काढत्यात बघ."

साचा चांगला आला. शिवाण्णानं धड ओतलं. घासून गुळगुळीत केलं. मी कातडं ताणलं, इस्माईलभाईंनी पट्ट्या ठोकल्या. इतकं देखणं जाकीट शेडमधनं आधी कधी गेलं नव्हतं.

कमळीला घातलं तर बकल लागेना. ओढून लावलं, पोरीनं ओठ चावला. दोन दिवसांत कमरेच्या हाडावर कातडी सोलली.

डॉक्टर शेडमध्ये आले. फळीवरनं कमळीचं धड काढलं, बाकावर कमळीच्या शेजारी ठेवलं.

"अण्णा, ही कोण?"

"कमळी."

"आणि ही?"

शिवाण्णा बघतच राहिला. एक कमळी डावीकडं कललेली, एक खांदा वर, कंबर एका अंगाला निघालेली. दुसरी कमळी ताठ, दोन्ही खांदे एका रेषेत, मखरात बसवावी अशी.

"डॉक्टर," शिवाण्णा हळू आवाजात म्हणाला, "घासाय बसलो आनि हात आपोआप सरळ करत गेला. जलमात वाकडी मूर्ती केली न्हाई."

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही प्लास्टर सरळ केलंत. आता पोरीला कोण सांगणार?"

इस्माईलभाईंना हसू आलं, मलाही आलं. पण कमळी तेवढ्यातच कुशीवर कलंडली, जखमेमुळं फार वेळ बसवतही नव्हतं. ते बघितलं आणि हसू तिथंच राहिलं. त्याच आठवड्यात चुलता आला, गणपत तात्या. उंच, रापलेला माणूस. त्यानं जखम बघितली, डॉक्टरांना राम राम घातला आणि म्हणाला, "बास झालं." पोरीला उचलली आणि घेऊन गेला.

डॉक्टर दारापर्यंत गेले. जखम भरली की आणा म्हणाले. वेळ घालवू नका म्हणाले. पुढं पाठ जाकिटातही मावणार नाही. तात्यानं मागं वळून पाहिलं नाही.

शिवाण्णानं ते सरळ धड फळीवर ठेवलं नाही. कोपऱ्यात भिंतीकडं पाठ करून ठेवलं आणि वर पोतं टाकलं.

* * *

मध्ये एक हलकं सांगतो, नाहीतर चहा कडू लागेल.

कोरेगावकडची एक बाई होती. तिच्या मुलाला आम्ही जाकीट दिलेलं. तो बिचारा चालायचा, पण पाठ वाकायची. चार महिन्यांनी बाई परत आली, कडेवर एक गाठोडं. गाठोडं सोडलं तर आत काय? तळलेल्या पापडासारखं काहीतरी. मी उलटंपालटं करून पाहिलं, तर माझाच टाका!

मी म्हटलं, "मावशी, ह्याला काय केलंसा?"

"धुतलं की."

"धुतलं?"

"मग! चार म्हैनं पोरगं त्यात घामतंय. सोडा घालून उकळलं, धोंड्यावर आपटलं, उनात घातलं." आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू आमच्या घरात कपडे धुवायची रीतच नाही.

इस्माईलभाई म्हणाले, "मावशी, पट्ट्या तरी काढून ठेवायच्या. त्या बी उकळल्या?"

"त्या तर राखंनं घासल्या."

खरंच घासल्या होत्या. चकचकीत होत्या. त्याच पट्ट्या आम्ही नव्या जाकिटाला लावल्या. तेव्हापासनं डॉक्टर प्रत्येकाला सांगायला लागले, आतला बनियन रोज धुवा, जाकीट पुसा. आणि ते सांगताना माझ्याकडं बघून मिशीत हसायचे.

* * *

चकचकीत म्हटलं की हवालदार आठवतात. खंडाळ्याकडचे. नोकरी सरहद्दीवर कुठंतरी, रजेवर आले की मुलाला घेऊन यायचे. मुलगा दत्तू. त्याचा आजार निराळा, पोलिओ नव्हे. स्नायूच झिजत जायचे. पोटऱ्या बघितल्या तर पैलवानाच्या वाटाव्यात, पण आत जोर नाही. आधी चालायचा, मग चालणं सुटलं, मग बसल्यावर पाठ कलायला लागली. डॉक्टरांनी हवालदारांना पहिल्या दिवशीच बाजूला घेऊन सांगितलं होतं की जाकीट त्याला बसवील, आजार थांबवणार नाही.

हवालदारांनी जाकीट वर्दीसारखं सांभाळलं. पितळी बकलं पॉलिशनं घासायचे. वाद्यांना तेल. आणि घालताना पाठीवरची पिशवी आवळावी तसे पट्टे आवळायचे. "पाठ सीधी, दत्तू!" दत्तू ताठ बसायचा, पण पोट आवळल्यामुळं दोन घासांवर तिसरा जायचा नाही. बाप रजेवरनं गेला की आई पट्टे सैल करायची आणि पोरगं पोटभर जेवायचं.

डॉक्टरांच्या कानावर गेलं. त्यांनी मला पोटासमोर मोठं गोल भोक कापायला सांगितलं. पुढच्या रजेत हवालदार आले, ते भोक बघून थबकले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वर्दीला भोक?"

"हवालदारसाहेब, वर्दीच्या आतला शिपाई जेवला पाहिजे."

दत्तू त्या भोकातनं पोटावर टिचकी मारून म्हणाला, "बाबा, ही लंगराची खिडकी." त्यांच्या पलटणीत स्वयंपाकघराला लंगर म्हणतात, बापाकडनंच ऐकलेलं. हवालदार पहिल्यांदा हसले. तेव्हापासनं ते पट्टे आवळायचे आणि मग दोन बोटं आत जातात का ते बघायचे.

पुढं एका उन्हाळ्यात ते एकटे आले. काखेत कापडात बांधलेलं जाकीट. बाकावर ठेवलं, कापड सोडलं. बकलं नुकतीच घासलेली. म्हणाले, "सामान जमा करायला आलोय. बघून घ्या. काही कमी नाही."

इस्माईलभाईंनी जाकीट हातात घेतलं. एकेक बकल उघडून, लावून पाहिलं. प्रत्येक वादी पाहिली. सावकाश. मग म्हणाले, "सगळं बराबर हाय, साहेब."

हवालदारांनी त्यांना सलाम केला आणि गेले.

ती बकलं इस्माईलभाईंनी काढून एका डब्यात वेगळी ठेवली. ह्या कामाला लावू का, त्या कामाला लावू का, असं मी विचारायचो. ते नाही म्हणायचे.

* * *

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शिवाण्णा डॉक्टरांसमोर जाऊन उभा राहिला. तात्यानं कमळीला नेलं त्याला वर्ष होत आलं होतं. म्हणाला, कुंडलला जाऊ या. कमळी काय येणार न्हाई, आपणच जाऊ या. डॉक्टरांच्या मनातही तेच होतं. रविवारी डॉक्टर, शिवाण्णा आणि मी एसटीनं निघालो. माझ्या मांडीवर मोटेचं चाक, शिवाण्णाच्या मांडीवर प्लास्टरच्या पट्ट्यांचा डबा.

तात्या गोठ्यासमोर बसला होता. डॉक्टर स्वतः आलेले बघून उठला, घोंगडं टाकलं, पाणी दिलं. पण विषय निघाल्यावर म्हणाला, "एकदा सोललीसा पोरीला. आता पुन्यांदा?"

शिवाण्णा पुढं झाला. "तात्या, ती चूक माजी. डॉक्टरांची न्हाई." तात्यानं घराकडं बोट केलं.

कमळी आत सोप्यात होती. आधीपेक्षा जास्त कलली होती. आता एक हात जमिनीवर आणि एक हात मेढीला धरलेला. अनसाबाई पदर तोंडाला लावून उभी.

कमळी म्हणाली, "तात्या, मला बसायचं हाय."

तात्यानं तिच्याकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या चाकाकडं. म्हणाला, "सोप्याची दांडी पेलायची न्हाई. गोठ्याची तुळई घ्या."

गोठ्यातले बैल बाहेर बांधले. तुळईला चाक टांगलं, खाली स्टुलावर कमळी, हनुवटीखाली झोळी. मी दोर हातात घेतला. पाठ किती ताणायची ते डॉक्टर तिच्या तोंडाकडं बघून सांगत होते. तेवढ्यात तात्यानं माझ्या हातातनं दोर काढून घेतला. "तुमी शिवणारं. मोट आमी हाकलीया."

आणि खरंच, त्याचा हात निराळा होता. पोरीला धक्का म्हणून बसला नाही. दोर मनगटाला वेढा घालून धरला, एक पाय पुढं, एक मागं. डॉक्टर म्हणाले जरा, की जरा. बास, की बास. शिवाण्णानं पट्ट्या भिजवून गुंडाळायला घेतल्या. ह्या वेळी डॉक्टरांनी कमळीच्या पाठीचा एक्स-रे समोरच्या खुंटीला टांगला होता. म्हणाले, "अण्णा, मूर्ती ही बघून करायची. जिथं दाबायचं तिथं मी निळ्या पेन्सिलीनं खूण करीन. बाकी जशी आहे तशी."

प्लास्टर घट्ट होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं असतं. सगळा गाव दारात जमलेला. बाया म्हणतायत, "अगं बया, पोरीला लिंपत्यात." तात्याच्या कपाळावरनं घाम डोळ्यात उतरत होता, पण त्यानं पुसला नाही. तोंडानं मधूनच बारीक चुच-चुच करत होता, बैलांना करतात तसं.

प्लास्टर घट्ट झालं. डॉक्टरांनी कात्री मागितली, साचा कापून काढला, झोळी सोडली. पोरगी आईच्या कुशीत गेली. तात्या दोर धरून तसाच उभा!

मी म्हटलं, "तात्या, सोडा आता. झालं."

तो म्हणाला, "इतक्या वर्सांत हिरीत मोट पडू दिली न्हाई. आधी नीट बघा पोरीला धरलंय का."

* * *

परत येताना साच्याचा प्रश्न आला. प्लास्टर अजून आतून ओलं, दाबलं की वाकडं होणार. मागच्या वेळचं बघून शिवाण्णा कुणाच्या हातात द्यायला तयार नाही. शेवटी एसटीत तो खिडकीजवळ बसला, मध्ये साचा उभा केला, त्याला शाल गुंडाळली, पलीकडं मी. डॉक्टर मागच्या बाकावर बसल्या-बसल्या झोपले.

कंडक्टर आला. शालीत काहीतरी माणसासारखं बसलेलं. त्यानं वाकून बघितलं. डोकं नाही, हात नाहीत, पाय नाहीत.

"ह्ये कुणाचं?"

शिवाण्णा आपला सरळ माणूस. म्हणाला, "कुंडलच्या कमळीचं अंग हाय."

पुढच्या बाकावरची म्हातारी मागं वळून बघायला लागली. कंडक्टरनं घंटी मारून एसटी थांबवली.

"आन्... बाकीची कमळी?"

"ती घरी हाय. जेवत आसंल आता."

शेवटी डॉक्टरांना उठवावं लागलं. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा कुठं एसटी हलली. कंडक्टरनं साच्याचं तिकीट काही फाडलं नाही. पण सांगलीत उतरताना तोच पुढं झाला, साच्याला दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाला, "दमानं, गड्या, दमानं. पोर हाय आत."

* * *

नव्या जाकिटाला किती दिवस लागले ते विचारू नका. शिवाण्णा धड घासायचा तेव्हा खिडकीला एक्स-रे टांगलेला असायचा. घासता घासता हात थांबायचा, एक्स-रे बघायचा, परत घासायचा. वाकडं धड तयार झालं तेव्हा त्यानं मला बोलावून दाखवलं. "बघ तम्मा, ही कमळी." खरंच कमळी होती. मी कातडं ताणलं, भोकं पाडली. इस्माईलभाईंनी डबा उघडला आणि हवालदारांची बकलं काढली.

कमळीला घेऊन अनसाबाई आली, बरोबर तात्या. जाकीट बसलं. लाल झालंय का ते डॉक्टर रोज उघडून बघायचे. कुठं टोचलं की मी कातडं ढिलं करायचा. कातडी कुठं सोलली नाही. पाठ जाकिटानं धरली. पण कमळीचे हात काही सुटेनात. स्टुलावर बसवली की तळहात आपोआप दोन्ही बाजूंना टेकलेले. डॉक्टर म्हणायचे, सोड, पडणार नाहीस. ती मान हलवायची आणि हात तिथंच. जन्मभर ज्या हातांनी पडू दिलं नाही ते एका कातड्याच्या भरवशावर कसे सुटणार? जाकीट असून हात अडकलेलेच, मग घरी नेऊन काय करायचं? अनसाबाईच्या तोंडावर ते दिसायचं. तात्या दोन दिवस तंबाखू मळत राहिला.

त्यातच पुण्या-मुंबईचे काही डॉक्टर आमची शेड बघायला आले. बरोबर फोटो काढणारा एक जण. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना जाकिटं दाखवली, धडं दाखवली, मोटेचं चाक दाखवलं. मग कमळीला मधोमध स्टुलावर बसवलं. मागं टेका नाही, बाजूला हात ठेवायला दांड्या नाहीत. अनसाबाईनं आदल्या दिवसापासनं तिला पढवलं होतं, पाव्हणं आलं की दोनी हात जोडून नमस्कार करायचा.

फोटोवाल्यानं डोळा लावला.

"कमळ, नमस्कार कर," अनसाबाई म्हणाली.

कमळीचे हात स्टुलाला टेकलेले. बोटं पांढरी झालेली. सगळे थांबले. शिवाण्णाला बघवेना, तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. इस्माईलभाई हातातला हातोडा खाली ठेवायला विसरले. तात्या एक पाऊल पुढं आला, मनगटाला दोर असल्यासारखी मूठ आवळून.

"कमळ, हात जोड की गं."

उजवा हात थोडा उचलला. परत टेकला. पाहुण्यांतला एक जण घड्याळ बघायला लागला. फोटोवाल्यानं यंत्र खाली घेतलं.

मी तिच्या अगदी समोर होतो, म्हणून मला आधी दिसलं. टाकीकडनं एक डास आला आणि तिच्या डाव्या दंडावर बसला. कमळीनं मान वळवली. ओठ फुंकर मारायला गोल केले.

फुंकर मारली नाही.

फट्!

कमळी मधोमध ताठ बसलेली, हवालदारांची बकलं चमकतायत, उजवा तळहात डोळ्यांसमोर धरलेला, आणि डावा हात मांडीवर, मोकळा. तळहातावर रक्ताचा बारीक ठिपका. तो तिनं नीट बघितला. मग पाहुण्यांकडं नाही, डॉक्टरांकडं नाही, आईकडंही नाही. माझ्याकडं बघून म्हणाली,

"मामा, डास असा मारत्यात."